सांभाळून घेणे

‘सांभाळून घ्या’ हे दोन शब्द आपल्या तोंडी दिवसातून किती वेळा येतात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मुलगी सासरी निघाली की तिची आई विहिणीला म्हणते, ‘पोर लहान आहे, सांभाळून घ्या.’ मैफलीत नवखा गवई घसा खाकरून तेच म्हणतो, आणि सभेत आभार मानणारा चिटणीसही हात जोडून तेच म्हणतो. दुसऱ्याच्या उणिवेवर पांघरूण घालण्यातला एक मोठेपणा या शब्दांत आहे आणि तो खोटा नाही. परंतु आमच्या घरात या शब्दांनी बारा वर्षे जे काम केले ते आठवले, की मला आजही त्यांचा धसका वाटतो.

माझा थोरला भाऊ दारू पीत असे. हे वाक्य आज मी जितक्या सरळपणे लिहितो आहे, तितक्या सरळपणे ते उच्चारायला आम्हां घरच्या माणसांना ती बारा वर्षे लागली.

आम्ही बडोद्याचे. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत कोकणातून इकडे आले, दप्तरात कारकून झाले, आणि इथलेच होऊन राहिले. दांडिया बाजाराजवळच्या गल्लीत आमचे घर; उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर गुजराती, असा चार पिढ्यांचा परिपाठ. परमुलखात स्थिरावलेल्या कुटुंबाला अब्रूची काळजी जरा अधिकच असते. आपल्या एकाचे पाऊल घसरले तर लोक ते साऱ्या मराठी मंडळींच्या नावावर मांडतील, ही धास्ती मनात कोठेतरी असतेच. त्यात हे दारूबंदीचे राज्य. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावरही इथे चालू राहिला. परवान्यावाचून पिणे हाच इथे गुन्हा. लाजेला अशी भीतीची जोड मिळाली. कायद्याने दारू दुर्मीळ झाली की नाही, या वादात मी पडत नाही. आमच्या घरात तिच्याविषयीचे बोलणे तेवढे दुर्मीळ झाले.

दादा एका कारखान्यात फोरमन होता. हाताचा कसबी, मनाचा मोकळा. प्रारंभी शनिवारपुरते असलेले त्याचे पिणे हळूहळू आठवड्याच्या सर्व वारांना पुरले. मग घरातील प्रत्येकाने आपापल्या परीने त्याला सांभाळून घ्यायला सुरुवात केली. सकाळी तो उठण्याच्या स्थितीत नसला की वहिनी कारखान्यात फोन करीत, ‘त्यांना ताप आहे.’ त्याची उधारी कानांवर आली की मी गुपचूप जाऊन ती चुकती करी. आई देवघरातल्या डब्यातून त्याच्या हातावर पैसे ठेवी आणि म्हणे, ‘निदान भलत्या माणसापाशी हात तरी पसरू नकोस.’ कारखान्यातला त्याचा जिवलग मित्र त्याचे अर्धे काम स्वतः उरकून टाकी. मामा वर्षातून एकदा त्याला हवापालटासाठी पुण्याला घेऊन जात. यांतले कोणी कोणाला काही सांगत नसे. आपणच तेवढे याला सावरून धरले आहे, असे प्रत्येकाला वाटे. वस्तुतः आम्ही सर्वांनी मिळून त्याच्या दारूला सावरून धरले होते.

हे मला कळले ते २०१० च्या श्रावणातल्या एका सकाळी. मी दादाकडे वरच्या मजल्यावर चाललो होतो. माझ्यापुढे जिन्यात कारखान्यातला एक माणूस होता. त्याने कडी वाजवली. वहिनी बाजारात गेल्या होत्या. दार माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीने उघडले. ती म्हणाली, ‘बाबांना रात्रीपासून ताप आहे. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. उठवू का मी त्यांना?’

तो माणूस ओशाळून ‘नको, नको’ म्हणत परत फिरला. मी जिन्यातच उभा राहिलो. तिला कोणी पढवले नव्हते. ‘उठवू का’ हा शेवटचा प्रश्न तर आम्हां मोठ्यांनाही कधी सुचला नव्हता! आमच्या घराण्याचे काय काय त्या पोरीकडे जाणार, हे त्या क्षणी मला लख्ख दिसले.

त्या दिवशी मी आणि वहिनी प्रथमच एकमेकांशी खरे बोललो. पण खरे बोलणे आणि शहाणपण या दोन गोष्टी एकदम येत नाहीत. आम्ही ठरवले, दादाला वरच्या खोलीत कोंडायचे. चार दिवस मिळाली नाही की आपोआप सुटेल. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी तो घामाने निथळत होता. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरून मुंग्या झटकू लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मग त्याला झटका आला, आणि मध्यरात्री आम्ही त्याला रिक्षातून इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आमची चांगलीच कानउघाडणी केली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत असा वात होतो, त्यात माणूस दगावूही शकतो. ती सोडवायची ती वैद्याच्या देखरेखीखाली, योग्य औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊनच, असे त्यांनी सांगितले. माया आणि अज्ञान यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ते आम्ही त्या रात्री पाहिले.

शरीरातली दारू उतरल्यावर त्यांनी आम्हांला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. वहिनींनी पर्समधून एक पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. कोणा हितचिंतकाने दिलेल्या गोळ्या होत्या. नकळत आमटीत घालायच्या, म्हणजे वर दारू पोटात गेली की उलट्या होऊन माणूस धडा शिकतो. डॉक्टर म्हणाले, ‘हे औषध मला ठाऊक आहे. १९४८ पासून ते वापरात आहे. पण ते रोग्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच द्यायचे असते. चोरून दिलेत तर एखादे दिवशी जीव घेईल. आणि बाई, आजवर त्यांनी तुमच्यापासून चोरून घेतली. आता तुम्ही त्यांना चोरून औषध देणार. मग घरात खरे असे राहिले काय?’

नंतर ते म्हणाले, ‘पुढच्या बुधवारी यांना एकट्याला आणू नका. यांच्यासाठी जे जे खोटे बोलतात, त्या सर्वांना घेऊन या.’

आम्ही सहाजण गेलो. आई, वहिनी, मी, मामा, कारखान्यातला मित्र, आणि समोरच्या घरातल्या गुजराती बेन. बेनना बोलवायचे की नाही, यावर आमच्यात बराच खल झाला. परक्या बाईला हे कळू कसे द्यायचे? शेवटी वहिनी भीत भीत त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा बेन शांतपणे म्हणाल्या, ‘बहेन, आम्हांला सारे ठाऊक आहे. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून आम्हीच ठाऊक नसल्यासारखे वागत होतो.’ जे झाकता झाकता आम्ही झिजून गेलो, ते साऱ्या गल्लीला पाठ होते! आम्ही गल्लीपासून लपवीत होतो आणि गल्ली आम्हांला सांभाळून घेत होती.

डॉक्टरांनी आधीच बजावले होते, की हा न्यायनिवाडा नव्हे. साऱ्यांनी मिळून त्याला पकडायचे नाही. साऱ्यांनी मिळून खोटे बोलणे थांबवायचे. दादासमोर प्रत्येकाने एवढेच सांगायचे, की आजवर आपण काय केले आणि यापुढे काय करणार नाही. आई बोलायला लागली आणि तिला शब्द फुटेना. शेवटी ती म्हणाली, ‘देवाच्या डब्यातून मी तुला आता देणार नाही. रागावलास तरी नाही.’ मी म्हणालो, ‘तुझी उधारी मी भरणार नाही.’ वहिनी म्हणाल्या, ‘कारखान्यातून कोणी आलं तर दार तुम्हीच उघडायचं.’ दादा खाली मान घालून ऐकत होता. आपल्यामागे इतके लोक इतक्या गोष्टी करीत होते, हे त्याला प्रथमच कळत होते.

मग ‘काय करणार नाही’ यानंतर ‘काय करणार’ याची वाटणी झाली. पगार वहिनींच्या हाती द्यावा, असे दादानेच सुचवले. सुटी झाल्यावर मित्राने त्याच्याबरोबर सूरसागराच्या बाजूने चालत यावे. दिवेलागणीची वेळ सर्वांत कठीण. त्या वेळी बेनकडे चहा. दादाने त्यांच्या नातवाला गणित शिकवावे, ही बेनची अट. दर बुधवारी कोणीतरी एकाने त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. औषधे होतीच, परंतु औषध दिवसातून दोन वेळा असते आणि संध्याकाळ रोज चार तासांची असते. ते चार तास माणसांनीच भरून काढायचे असतात.

बडोद्याच्या माणसाला या विषयावर ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहत नाही. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक प्रथम इथेच, बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आपण पाहिली, असे आमचे आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत. लहानपणी आम्हांला सिंधू हा आदर्श म्हणून सांगितला गेला. ती दळणे दळते, माहेरची मदत नाकारते, आणि शेवटच्या घडीलाही नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. तिची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु हल्ली मला वाटते, की सिंधू एकटी होती हीच त्या नाटकातली खरी शोकांतिका आहे. सुधाकरही मध्येच एकदा दारू सोडतो. पण बाहेर त्याला कोणी उभे करीत नाही, तेव्हा तो पुन्हा पेल्याकडे वळतो. तळीरामाचे मंडळ होते. दारू सोडू पाहणाऱ्यासाठी मात्र मंडळ नव्हते.

तसे मंडळ पुढे निघाले. अमेरिकेत १९३५ साली दोन व्यसनी माणसांनी एकमेकांना धरून दारू सोडली आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ उभी राहिली. त्यांच्या घरच्या माणसांनाही आधार हवा, हे ओळखून १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ निघाली. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी, पती दारूपायी गेल्यावर, १९८० साली उपचारकेंद्र काढले आणि कुटुंबाला उपचारात जागा दिली. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले; तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे. सहचरी हा शब्द मला फार आवडतो. सहन करणारी ती सहचरी नव्हे, बरोबर चालणारी ती सहचरी.

असे असूनही, केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना कोण सांभाळून घेत असेल, याची कल्पना मी करू शकतो. त्यांच्या घरच्यांना मला दोष द्यायचा नाही. डॉक्टरांनी आम्हांला प्रारंभीच सांगितले होते, ‘हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही.’ शिवाय जिथे मारहाण आहे, तिथे बाईने आधी स्वतःचा आणि मुलांचा जीव वाचवावा. बाकीचे सारे नंतर. एकटीने सोसणे हा कोणत्याच घरी उपाय नव्हे, एवढेच माझे सांगणे आहे.

आमची कथा इथे गोड करून संपवता आली असती; पण ती तशी घडली नाही. सहा महिन्यांनी, २०११ च्या फेब्रुवारीत, कारखान्यातली मंडळी सहलीला दमणला गेली आणि दादा तिथे प्यायला. पूर्वीची गोष्ट असती तर मित्राने ते वहिनींपासून लपवले असते, वहिनींनी आईपासून आणि आम्ही सर्वांनी गल्लीपासून. या खेपेस दुसऱ्या दिवशी दमणहून दादाचाच फोन आला. ‘काल चुकलो. आज रात्री पोहोचतो. बुधवारची वाट न पाहता उद्याच डॉक्टरांकडे जाऊ.’ वहिनी फोनवर रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ‘बरं झालं सांगितलंत,’ एवढेच म्हणाल्या. दारू सुटण्याचा आमच्या घरातला खरा दिवस मी तो मानतो, जरी आदल्याच दिवशी तो प्यायलेला होता.

त्यानंतर दादाने पेल्याला हात लावलेला नाही. पुढेही लावणार नाही, असे तो कधी म्हणत नाही. ‘आज नाही’ एवढेच म्हणतो.

पुतणी आता नोकरीनिमित्त पुण्यास असते. गेल्या दिवाळीत ती आली असताना सकाळी कोणीतरी कडी वाजवली. ती दाराजवळच बसली होती, पण जागची हलली नाही. तिने आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, ‘बाबा, दार!’ आणि दादा धोतराचा सोगा सावरीत दार उघडायला गेला.