उमरीच्या वाटेवर

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात १७ सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपलं आणि मी नांदेडकडची गाडी पकडली. जायचं होतं उमरीला. गाडीचा हा मनमाड ते हैदराबाद लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० साली सुरू झाला. याच मार्गावरून पुढे बातम्या, माणसं आणि धास्ती, तिन्ही फिरली.

जालना मागं पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन. समोर परभणीचे एक वयोवृद्ध आजोबा बसले होते. "रझाकारीत आमच्या लोकांनी गाव सोडलं. मी आईच्या कडेवर होतो," ते म्हणाले. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

निजामाच्या राज्यात सभेलाही परवानगी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हणणाऱ्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. या दडपशाहीच्या जोडीला लातूरचा वकील कासीम रझवी आला. १९४६ मध्ये तो मजलिस या मुसलमानांच्या राजकीय संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच्या रझाकारांची, म्हणजे खासगी सैनिकांची, कवायत, शपथ, हत्यारं आणि दहशत सरकारनं चालू दिली. सरकार आणि झुंड एक झाली की त्याला मी फॅसिझमच म्हणतो. या राजवटीला हिंदू-मुसलमानांचं भांडण एवढंच समजणं मला मान्य नाही. रझाकारांवर टीका करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्यांचं नाव सकाळच्या भाषणांत घेतलं गेलं पाहिजे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद पडलं, १७ तारखेला निजाम शरण आला. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेला. निजाम मात्र राजप्रमुख झाला!

नांदेड आलं. भारतीय फौजांच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शननंतर, याच जिल्ह्यात, तसंच उस्मानाबाद, बीदर, गुलबर्ग्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी नेमलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. मुक्तीचा अभिमान मला आहे, म्हणूनच ही पानं उघडी हवीत.

उमरीचं स्टेशन लहानसं. ३० जानेवारी १९४८ ला इथली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठी नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्या पैशांचा हिशेब स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या माणसांनी मुक्तीनंतर सरकारला दिला. लुटीचा हिशेब देणारे लोक! मी स्टेशनबाहेर उभा राहून तेवढ्याच गोष्टीचा विचार करत होतो.

पुढं बिलोली तालुक्यातलं अर्जापूर गाठायचं होतं. तिथं २९ ऑक्टोबर १९४६ ला स्टेट काँग्रेसचे गोविंदराव पानसरे मारले गेले. बसला अजून वेळ होता.