शेवटच्या रांगेसाठी प्रोजेक्टर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकांनी संस्थेच्या इतिहासावर लिहावे अशीच त्यांची अपेक्षा असणार. तो इतिहास आमच्याहून अधिकारी मंडळींनी लिहावा. आम्ही एका यंत्राच्या खरेदीविषयी लिहिणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शंभर-दोनशे रुपयांच्या पावत्या घेऊन या यंत्रासाठी पैसे दिले, त्यांना त्या पैशांचे काय झाले हे समजण्याचा अधिकार आहे. आणि त्याआधी आम्ही एकदा कसे फसलो, हेही.

आम्ही म्हणजे इतिहास छंद मंडळाचे तीन शिक्षक आणि दरवर्षी बदलत जाणारी तीस-चाळीस मुले. मंडळाचे काम दोन प्रकारचे. एक, लेण्यांमधील दानलेखांचा अभ्यास. पितळखोऱ्याच्या स्तंभावर पैठणच्या मितदेव या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार करणारा सामी हा सुतार आपल्या बापाचे नावही कोरून गेला आहे. पितळखोऱ्यालाच सापडलेली यक्षमूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असे तिच्यावरचा लेख सांगतो. राजांची नावे पाठ करून कंटाळलेल्या मुलांना ही नावे वाचताना आपल्या घरातले कोणी भेटल्यासारखे वाटते. दुसरे काम म्हणजे प्रत्येक मुलाने सुट्टीत घरी जाऊन आपल्या गावाची, वस्तीची, कुटुंबाची माहिती आणि छायाचित्रे गोळा करायची आणि पालक मेळाव्यात ती मांडायची.

मांडायची म्हणजे भिंतीवर दाखवायची. शाळेत पूर्वी स्लाइड प्रोजेक्टर होता. त्याच्या स्लाइड मिळेनाशा झाल्या. कोडॅक कंपनीने तर २००४ साली स्लाइड प्रोजेक्टरचे उत्पादनच थांबविले. चित्र प्रकाशाने मोठे करून दाखविण्याची हौस मात्र आपल्याकडे फार जुनी. कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ केले. त्यांना एक सोय होती. खेळ रात्री, अंधारात होत. आमचा पालक मेळावा भर दुपारी असतो, कारण पालकांना संध्याकाळच्या एस.टी.ने परतायचे असते. ही एवढीशी गोष्ट पहिली खरेदी करताना आमच्या ध्यानात आली नाही, आणि सारे तिथेच बिघडले.

मार्च महिना होता. मंडळाच्या नावावर सात हजार रुपये शिल्लक होते आणि ते महिनाअखेर खर्ची पडायला हवे होते. एक लहानसा एल.ई.डी. प्रोजेक्टर ऑनलाइन साडेसहा हजारांत मिळत होता. खोक्यावर नऊ हजार लुमेन असा आकडा होता आणि ‘फुल एच.डी.’ असे शब्द होते. आम्ही रात्री वसतिगृहाच्या खोलीत दिवे घालवून तो लावून पाहिला. चित्र छान दिसले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही बिल मंजूर केले.

मेळाव्याच्या दिवशी त्रिसरण-पंचशील झाले, स्वागत झाले, आणि आठवीतली एक मुलगी ‘आमच्या गावची विहीर’ हा विषय घेऊन उभी राहिली. तिने उन्हाळाभर माहिती जमविली होती. ती बोलत होती फार चांगली. भिंतीवर मात्र राखाडी डागापलीकडे काही उमटत नव्हते. पत्र्याच्या छताच्या त्या सभागृहाला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. दुपारी दोनचा उजेड भिंतीवर पसरला होता. पुढच्या दोन रांगांतील मुले डोळे बारीक करून पाहत होती. मागे सतरंजीवर बसलेल्या आयाबाया हळूहळू आपापसात बोलू लागल्या. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीची आजी तिला म्हणाली, “पोरी, बोललीस लई चांगलं, पण भिताडावर काय व्हतं ते काय दिसलं न्हाई मला.” मुलगी रडली नाही. तिने पेन ड्राइव्ह आमच्या हातात दिला आणि ती आजीला सोडायला फाटकापर्यंत गेली. आम्हाला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही.

मागे बसलेल्या माणसाला दिसले नाही, ही तक्रार आमच्या शाळेत साधी राहत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे आमचा पाचवीचा मुलगाही सांगतो. आम्ही कोणाला मुद्दाम दूर बसविले नव्हते, हे खरे. पण घाईने घेतलेल्या यंत्राने अर्धे सभागृह कार्यक्रमाबाहेर ठेवले, हेही तितकेच खरे.

पुढच्या वर्षी आम्ही खरेदीलाच मंडळाचा प्रकल्प केले. आधी शिकावे लागले. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो मोजण्याची ठरलेली पद्धत असते आणि त्या पद्धतीने मोजलेल्या आकड्याच्या मागे ए.एन.एस.आय. किंवा आय.एस.ओ. अशी अक्षरे असतात. खोक्यावरच्या नऊ हजारांमागे अशी कोणतीही अक्षरे नव्हती. गणिताच्या शिक्षकांनी मोबाइलवरील प्रकाशमापक घेऊन मुलांकडून हिशेब करविला. त्यात आमच्या यंत्राचा प्रकाश दीडशे लुमेनच्या आसपास निघाला. ‘फुल एच.डी.’चा अर्थही तेव्हाच कळला. यंत्र तशी चित्रफीत स्वीकारते, इतकाच. भिंतीवर मात्र ते आपल्या मूळ ८०० गुणिले ४८० बिंदूंतच दाखविते. विक्रेत्याने शब्द चुकीचा वापरला नव्हता. आम्ही तो पुरता वाचला नव्हता.

मुलांनी केलेला हिशेब इथे देतो, कारण कोणत्याही गावच्या समाजमंदिराला वा विहाराला तो उपयोगी पडेल. आमचे सभागृह छत्तीस फूट लांब आहे. शेवटच्या माणसाला अक्षर वाचता यावे, तर चित्राची उंची त्या अंतराच्या सहाव्या भागाइतकी हवी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे सहा फूट उंच आणि आठ फूट रुंद चित्र, सुमारे साडेचार चौरस मीटर. दीडशे लुमेन त्यावर पसरले की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला जेमतेम तेहेतीस येतात. त्यालाच तेहेतीस लक्स म्हणतात. दुपारी त्या भिंतीवर खिडक्यांतून येणारा उजेड दीडशे लक्स भरला. आता प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातले काळे म्हणजे जिथे यंत्र प्रकाश टाकत नाही ती जागा, म्हणजेच उजेडाने उजळलेली भिंत. पांढरे एकशे त्र्याऐंशी आणि काळे एकशे पन्नास असेल, तर डोळ्याला फरक कळणार कसा? तीन हजार तीनशे खऱ्या लुमेनचे यंत्र लावले, तर पांढरे आठशे ऐंशीच्या पुढे जाते. आणि खिडक्यांना जाड पडदे लावून भिंतीवरचा उजेड चाळीसवर आणला, तर तेच चित्र काळ्याच्या जवळजवळ वीसपट उजळ दिसते. निम्मे काम यंत्र करते, निम्मे काम पडदे करतात. हे कोणत्याही दुकानदाराने आम्हाला सांगितले नाही. पडदे तो विकत नव्हता.

नंतर आम्ही यंत्रे पाहायला निघालो. आमच्यापैकी एकाचा आग्रह मोठा टी.व्ही. घ्यावा असा होता. पंचावन्न इंची टी.व्ही. उजेडात उत्तम दिसतो, परंतु त्याचे चित्र सव्वादोन फूट उंच. वर्गाला ठीक, सभागृहाला नाही. एका कार्यालयाने काढून टाकलेला जुना प्रोजेक्टर बारा हजारांत मिळत होता. त्याच्या चित्रात एका कोपऱ्यात पिवळट छटा होती. दिवा बदलला की जाईल, असे विकणारा म्हणाला. आतील भाग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने जुने झाले की असा पिवळेपणा येतो आणि तो नव्या दिव्याने जात नाही, हे लग्नसमारंभांत प्रोजेक्टर लावणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने वेळीच सांगितले, म्हणून वाचलो. नव्यांमध्ये डी.एल.पी. आणि थ्री-एल.सी.डी. असे दोन प्रकार साधारण एकाच किमतीत होते. शेजारच्या महाविद्यालयातील डी.एल.पी. यंत्रावर पांढरे लख्ख दिसे, परंतु एका आईच्या छायाचित्रातील लाल लुगडे विटकरी दिसू लागले. स्वस्त डी.एल.पी. यंत्रांत पांढरा प्रकाश वाढविताना रंग मागे पडतात. छायाचित्रे हाच आमचा विषय असल्याने आम्ही थ्री-एल.सी.डी.कडे वळलो.

आमची परीक्षा सोपी होती. एका पानावर मराठीतील अवघड जागा लिहिल्या: रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, अनुस्वार, ‘घ’ आणि ‘ध’. दुसऱ्या पानावर ब्राह्मी लेखाचे छायाचित्र, काळ्या दगडावर काळ्याच रेघा. दुपारी दोन वाजता पाचवीतल्या सर्वांत लहान मुलाला शेवटच्या रांगेत बसवायचे आणि वाचायला लावायचे. त्याने ‘संघ’ऐवजी ‘सध’ वाचले की ते यंत्र बाद. शहरातील एका दुकानदाराने सभागृहात यंत्र आणून दाखविण्याचे मान्य केले, तेव्हा आमच्या परीक्षकाने रफारासकट सारे वाचले आणि वर “सर, तिसऱ्या ओळीत वेलांटी चुकली आहे” असेही सांगितले. चुकली होती.

बिंदूंची संख्या आम्ही कमीच घेतली, १०२४ गुणिले ७६८. त्याहून सरस यंत्र आठ-दहा हजारांनी महाग होते. तो पैसा उजेडावर खर्च करावा, आणि बिंदूंची उणीव मुलांनी अक्षर मोठे करून, एका पानावर सातच ओळी लिहून भरून काढावी असे ठरले. यामुळे मुलांची सादरीकरणेही सुधारली, हा अनपेक्षित लाभ. एल.ई.डी. यंत्राचा दिवा वीस हजार तास चालतो, तुमच्या यंत्राचा पाच-सहा हजारच, असे आम्हाला अनेकांनी भीती घालून सांगितले. मंडळ वर्षाला फार तर शंभर तास यंत्र वापरते. पाच हजार तास पुरे व्हायला पन्नास वर्षे लागतील. तोवर आम्ही कोणी नसू.

जमा झाले ४३,००० रुपये. सर्वांत मोठी पावती दोन हजारांची, सर्वांत लहान वीस रुपयांची. यंत्राला ३६,५०० लागले, लांब एच.डी.एम.आय. वायरीला ८५०, भिंतीवरील न चकाकणाऱ्या पांढऱ्या रंगाला आणि काळ्या चौकटीला १,६५०, पडद्यांच्या कापडाला १,२००. शिलाई एका शिंपीकाम करणाऱ्या पालकांनी घेतली नाही. उरलेले २,८०० पुढे कधी दिवा बदलावा लागला तर असावेत, म्हणून ठेवले आहेत. वीज मध्येच गेली तर पंखा थांबून तापलेल्या दिव्याला धोका पोहोचतो, म्हणून संगणक कक्षातील एक यू.पी.एस. मेळाव्यापुरता आणतो, यंत्र बंद करून पंख्याला थंड होऊ देण्याइतकी मिनिटे तो देतो. यंत्र छताला टांगलेले नाही. भिंतीपासून तेरा फुटांवर लोखंडी टेबलावर ते ठेवतो, म्हणजे महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ मुलांना काढता येते. चित्र तिरके पडले तर बटनाने सरळ करू नये, टेबल सरकवावे. बटनाने सरळ केलेल्या चित्रात अक्षरांच्या कडा झिजतात.

पुढच्या मेळाव्यात ती मुलगी नववीत होती. तिचाच विषय पुन्हा घ्यावा, अशी आमची विनंती तिने मानली. पडदे ओढले, यंत्र लावले, आणि दगडी बांधणीची, पायऱ्यांची, मोटेच्या थारोळ्याची विहीर भिंतीवर सहा फूट उंच उभी राहिली. मुलगी माहिती सांगू लागली. शेवटच्या रांगेतून तिची आजी उठून उभी राहिली. “थांब गं,” ती म्हणाली. “ही आपली न्हाई.” सभागृह शांत झाले. “ही गावाची हाय. हिच्या पायरीला बी आपल्याला हात लावू देत नव्हते. आपली वढ्याच्या पल्याड. बुजली आता. तुला ही दावली कोणी?”

मामाने दाखविली होती. मामा लहानपणापासून मुंबईला. मागच्या वर्षी आजीने सारे ऐकले होते आणि छान म्हटले होते, कारण शब्दांत फक्त ‘आमची विहीर’ होते. कोणती, हे चित्रात होते. आमच्या मंडळाच्या हस्तलिखितातही ते चुकीचे छायाचित्र वर्षभर तसेच राहिले, आणि इतिहास शिकविणाऱ्या आम्हा तिघांनाही शंका आली नाही.

मुलीने आजीला पुढे बोलावले. आजी आली नाही. तिथूनच बोलत राहिली. ओढ्यापलीकडे पाणी किती हात खोल होते, उन्हाळ्यात वाटीने कसे भरावे लागे, विहीर खणताना कोण कोण होते. चौघांची नावे तिने सांगितली. मुलीने ती फळ्यावर लिहून घेतली. यंत्र तोवर चालूच होते. दिव्याच्या नोंदवहीत त्या दिवशी ठरलेल्या दोन तासांऐवजी तीन तास दहा मिनिटे लिहिलेली आहेत, आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद ठेवणाऱ्या मुलाने लिहिले आहे: ‘विहिरीचा फोटो बदलायचा आहे.’