चित्रांचें घर

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत जाणारा मनुष्य बहुधा सावित्री-गांधारीच्या संगमाचा देखावा पाहूनच परततो. वस्तुतः तेथील खरी करामत उजेडाची आहे. ओसरीच्या खांबांमधून शिरलेला प्रकाश आंत मंदावत जातो, आणि डोळा आपोआप स्थिर होतो.

मुंबईंतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत आम्हांस याची आठवण झाली. १९११ सालचें तें सर कावसजी जहांगीर सभागृह. व्याख्यानें व गाण्याचे जलसे यांसाठीं बांधलेलें. बाहेरचें दगडी रूप कायम राखून आंतील एका पोकळींत पांच दालनें बसविलीं, आणि १९९६ सालीं तेथें चित्रें आलीं. अर्धवर्तुळाकार जिन्यानें एकेक दालन चढत घुमटाखालीं पोंचावें लागतें. चढण्यांत मौज आहे खरी. परंतु या वास्तूला गप्प बसतां येत नाहीं! गोलाईच्या भिंतीशीं सपाट चित्र अवघडल्यासारखें दिसतें, आणि नजर चित्र सोडून कठड्याकडे व घुमटाकडे पळते. सभागृहाचा वक्तृत्वाचा स्वभाव गेलेला नाहीं.

आमच्या पोलादपूरकडील विद्यार्थ्यांस असें संग्रहालय पाहण्यासाठीं मुंबईच गांठावी लागते. महाडास कधीं चित्रशाळा झालीच, तर ती एकमजली असावी, जाड भिंतींची, पुढें खोल ओसरी असलेली. घुमटाचा विचार करण्यापूर्वीं वास्तुशिल्पज्ञानें कोंकणच्या ओलीचा करावा. शिवाय २०२१ च्या जुलैंत सावित्रीचें पाणी शहरांत शिरलें होतें. तेव्हां ती बांधावयाची तर लेण्यांप्रमाणें चढावरच.