लेकराला खरे सांगावे

मराठी भाषेने नाकाला मोठा मान दिला आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, गरजवंत नाक मुठीत धरून दारी येतो आणि संसार चालवताना नाकी नऊ येतात. पण पाच वर्षांच्या लेकराच्या नाकात दुर्बीण घालण्याचा प्रसंग आला, की साऱ्या म्हणी बाजूला राहतात. उरते ते भेदरलेले मूल आणि त्याच्याहून अधिक भेदरलेली आई.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हा प्रसंग वाटतो तितका दुर्मीळ नाही. धान निघाल्यावर बांध्यांतून लाखोळी येते आणि अंगणात खेळणारे पोर तिचा एखादा दाणा नाकात सारून मोकळे होते. कधी चिंचोका, कधी माळेतला मणी. दाणा ओलाव्याने फुगतो आणि दोन-चार दिवसांनी एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू वाहू लागतो. खेळण्यातील चपटी, गोल बॅटरी अडकली असेल तर मात्र क्षणाचाही विलंब नको. काही तासांतच ती आतली त्वचा जाळते. काही मुले रात्रभर तोंड उघडे ठेवून घोरतात. त्यांच्या नाकामागील ‘अ‍ॅडेनॉइड’ नावाची गाठ वाढलेली असू शकते. अशा वेळी आतले नीट पाहायचे झाल्यास डॉक्टर एंडोस्कोपी सुचवतात आणि कुटुंब साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपूरची वाट धरते.

ज्या उपकरणाचे इतके भय वाटते, ते पाहिले तर आश्चर्य वाटेल. मुलांसाठीची वाकणारी नळी साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या टोकाशी प्रकाश असतो व तपासणी बहुधा एक-दोन मिनिटांत आटोपते. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते, हे हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी 1954 साली दाखवून दिले. त्यातूनच पुढे अशा लवचिक दुर्बिणी घडल्या. नळी नाकातून जाताना दाब जाणवतो, गुदगुल्या होतात, डोळ्यांतून पाणी येते, क्वचित दुखतेही. परंतु मुलाची खरी यातना पुष्कळदा नळी नाकाला लागण्यापूर्वीच सुरू झालेली असते.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका कुटुंबासोबत मी नागपूरच्या एका रुग्णालयात गेलो होतो. बाकावर बसलेल्या मुलाने आईला विचारले, “दुखेल का जी?” आई म्हणाली, “काहीच नाई होत रे, नुसतं पाहतेत डॉक्टर.” पोराला ते पटले नाही. तेव्हा ती माऊली माझ्याकडे वळून म्हणाली, “फादर, तुम्हीच सांगा त्याले. तुमचं तो आयकते.” त्या विनंतीत किती माया होती! आणि तरीही तिने माझ्याकडे मागितले ते एक असत्यच होते. मी मुलाला म्हणालो, “बाळ, थोडे विचित्र वाटेल. डोळ्यांत पाणी येईल. मग संपेल. आई सोडून जाणार नाही.” त्याने एकच प्रश्न केला, “किती वेळ?” मी म्हटले, “डॉक्टरांनाच विचारू.”

डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार होत्या. त्यांनी नळीचा दिवा त्याच्या तळहातावर पाडला, टोकाला बोट लावू दिले आणि “आधी कोणती नाकपुडी पाहू?” असे त्यालाच विचारले. त्याला टेबलावर आडवे न करता आईच्या मांडीवर बसवले. पाठ आईच्या छातीशी, आईचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर. “तोंडाने सावकाश श्वास घे आणि माझ्याबरोबर वीसपर्यंत मोज,” असे त्या म्हणाल्या. पोरगा रडला. पण आकडे मोजतच रडला, आणि वीस होण्यापूर्वी नळी बाहेर आली.

कोणी म्हणेल, बधिर करणारे औषध आहे ना? आहे. नाकाची सूज उतरवणारे थेंब व बधिरतेचा फवारा अनेक ठिकाणी वापरतात. त्याची कडू चव घशात उतरते. घसा बधिर असेपर्यंत मुलाला खाऊ-पिऊ देऊ नये. मात्र लवचिक नळीच्या बाबतीत मुलांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत बधिर करणाऱ्या औषधाचा अपेक्षित लाभ दिसला नाही. कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. मांडी, शब्द आणि धीर मात्र आपल्याच हाती आहेत.

हे शहाणपण वैद्यकशास्त्रालाही उशिराच सुचले. एकेकाळी इंग्लंडातील रुग्णालये आईबापांना मुलांपासून दूर ठेवीत. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखवला, तेव्हा पुष्कळ डॉक्टर संतापले. पुढे 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना मुलांना मुक्तपणे भेटू द्यावे अशी शिफारस केली. आईची मांडी हा उपचाराचा अडथळा नसून उपचाराचाच भाग आहे, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

म्हणून आईबापांना माझे सांगणे एवढेच: निघण्याच्या आदल्या दिवशी घरी शांतपणे सांगा, काय होणार आणि का. “रडलास तर सुई देतील” ही धमकी कधीही देऊ नका. रडण्याची मुभा द्या. आवडते खेळणे सोबत घ्या. “मांडीवर घेऊन बसू का?” असे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. मूल हात झाडू लागले तर क्षणभर थांबता येईल का, हेही आधीच विचारून ठेवा. तपासणी संपल्यावर “काही झालं नाही” म्हणण्यापेक्षा “कठीण होतं, तू निभावलंस” असे म्हणा.

नाकातला दाणा निघतो, वाढलेल्या गाठीवर इलाज होतो. परंतु “काहीच होणार नाही” हे वाक्य खोटे ठरले, की पुढच्या वेळी लेकरू दवाखान्याच्या दारातच पाय रोवते. आणि मग ते केवळ डॉक्टरांवरच नव्हे, आपल्या आईच्या शब्दावरही संशय घेते. दोन मिनिटांची सोय साधण्यासाठी इतकी मोठी ठेव कोणी मोडू नये.