गुणाकार आणि भागाकार

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. त्यात नद्या असतात, वस्तुसंग्रहालये असतात, भेटलेली माणसे असतात. जमाखर्च मात्र क्वचितच असतो. लेखकाने परदेशी काय पाहिले हे आपल्याला कळते, ते पाहण्यासाठी काय मोजले हे कळत नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ याला ठळक अपवाद आहे. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला, तो देशदर्शनाच्या ओढीने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता होती. तेव्हा दक्षिणेची आशा हेच त्या प्रवासाचे मूळ. पुढे बंडाच्या धामधुमीत तो सापडला हा इतिहासाचा भाग झाला. परंतु आरंभी होता तो हिशेबच.

परदेशी गेलेल्या भारतीय माणसाचा हिशेब म्हणजे प्रामुख्याने गुणाकार. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी देशाबाहेर पडणाऱ्याला बरोबर न्यायला अवघे आठ डॉलर मिळत. त्या पिढीतील माणसे कॉफीच्या पेल्यासमोरही मनात पाढे म्हणत असत. आज वर्षाला अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा आहे. पण पाढे म्हणण्याची सवय गेलेली नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने जर्मनीतील हायडेलबर्ग येथे राहिले, तेव्हा मीही नव्वदचा पाढा म्हणत होते. त्या वेळी एक युरो म्हणजे सुमारे नव्वद रुपये पडत.

दिल्लीत मराठी शिकवणाऱ्या बाईने हायडेलबर्गला जावे याचे नवल वाटू नये. तेथील विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था स्थापन झाली. धनगरांची आणि खंडोबाची वाट पायी तुडवणारे गुंथर सोन्थायमर यांनी तेथेच अध्यापन केले. १९९२ साली ते निवर्तले. तथापि महाराष्ट्राच्या लोकदैवतांवर काम करणाऱ्याला त्या संस्थेच्या ग्रंथालयाकडे आजही वळावे लागते. माझे दिवस तेथे जात. संध्याकाळ मात्र दुकानांच्या पाट्या वाचण्यात आणि गुणाकारात जाई.

दूध लिटरला एक युरो दहा सेंटच्या आसपास, म्हणजे शंभर रुपये. साध्या उपाहारगृहात एक वेळचे जेवण पंधरा युरो, म्हणजे साडेतेराशे रुपये. केशकर्तनालयाच्या दारावर पुरुषांच्या साध्या केस कापण्याचा दर पंचवीस युरो लिहिलेला. म्हणजे सव्वादोन हजार रुपये! दिल्लीत आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर हेच काम शंभर रुपयांत होते. पहिल्या पंधरवड्यात माझा निष्कर्ष ठरून गेला होता, की हा देश महाग आहे आणि आपला स्वस्त. बहुतेक प्रवासी हाच निष्कर्ष घेऊन घरी परततात.

अर्थशास्त्रज्ञांना या गुणाकाराचा भरवसा फार पूर्वीपासून वाटत नाही. स्वीडनच्या गुस्टाव्ह कासेल यांनी १९१८ साली ‘क्रयशक्तीची समानता’ ही संज्ञा रूढ केली. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हानिया विद्यापीठ यांच्या सहकार्याने देशोदेशींच्या किमतींची पद्धतशीर तुलना सुरू झाली. या तुलनेच्या २०१७ च्या फेरीत, बाजारात डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत असताना, क्रयशक्तीच्या हिशेबाने तो सुमारे २१ रुपयांचाच ठरला. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते, तेवढे भारतात सरासरी एकवीस रुपयांत मिळत होते. हा फरक सर्व वस्तूंत सारखा नसतो. पेट्रोल, यंत्रे, दूरध्वनीचे संच यांच्या किमती, कर वगळले तर, देशोदेशी फारशा भिन्न नसतात, कारण त्यांची समुद्रापार ने-आण होते. केस कापणे, कपड्यांना इस्त्री करणे, स्वयंपाक करणे यांची ने-आण होत नाही. जगदीश भगवती यांनी १९८४ साली एका निबंधात नेमका हाच प्रश्न घेतला होता: गरीब देशांत सेवा स्वस्त का असतात? उत्तराचा मथितार्थ सोपा आहे. तेथे माणसे पुष्कळ असतात आणि त्यांच्या हाताशी भांडवल थोडे असते, म्हणून माणसाचा तास स्वस्त असतो. आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो, ती पुष्कळदा वस्तूची नसते, माणसाची असते.

हे ध्यानात आल्यावर मी गुणाकार सोडला आणि भागाकार धरला. किमतीला तासाच्या मजुरीने भागावयाचे. कल्पना नवी नाही. श्रम हेच किमतीचे खरे माप, असे ॲडम स्मिथ १७७६ सालीच सांगून गेला. जर्मनीत २०२३ साली कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला बारा युरो होती. दिल्लीत ऑक्टोबर २०२३ मध्ये अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १७,४९४ रुपये होते; सव्वीस दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर तासाला सुमारे ८४ रुपये. ते प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडते हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

आता तीच यादी पुन्हा वाचावी. लिटरभर दुधासाठी तेथील मजुराला साडेपाच मिनिटे काम करावे लागते. दिल्लीत त्या वर्षी पूर्ण मलईचे दूध ६६ रुपये होते. येथील मजुराची सत्तेचाळीस मिनिटे त्यात जातात. एक लिटर पेट्रोलला तेथे नऊ-दहा मिनिटे, येथे एक तास आणि वर काही मिनिटे. केस कापायला तेथे दोन तासांहून किंचित अधिक, येथे सव्वा तासाच्या आत. पाहावे तर ज्या कामात केवळ माणसाचा हात लागतो तेवढ्यातच आपला मजूर त्याच्या बरोबरीने उभा आहे, किंबहुना थोडा पुढेही आहे. कारण तो आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाचा हात विकत घेत असतो. बाकी सर्वत्र त्याला आठपट राबावे लागते. अर्थात तेथेही सारे सुखाचे नाही. कर आणि विम्याचा हप्ता मजुरीतून आधीच कापला जातो, आणि विद्यापीठाच्या त्या गावात खोलीचे भाडे मिळकतीचा मोठा घास घेते. तरीही भागाकाराने निघालेले चित्र गुणाकाराच्या चित्राच्या जवळजवळ उलटे आहे.

सुट्टीच्या बाबतीत तर हा फरक अधिकच उघड होतो. मे २०२३ मध्ये जर्मनीत एकोणपन्नास युरोंचे मासिक तिकीट निघाले. देशभरातील स्थानिक आगगाड्या, ट्राम आणि बसगाड्या त्यावर चालत. किमान मजुरीचे चार तास आणि पाच मिनिटे भरली, की महिनाभर देश फिरायला मोकळा. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदीचा मोह नाही. नेकार नदीपलीकडच्या टेकडीवर ‘तत्त्वज्ञांची वाट’ म्हणून प्रसिद्ध असलेला रस्ता आहे. तेथे चालायला काही पडत नाही. समोरच्या पडक्या राजवाड्याला तिकीट आहे, परंतु स्वकीयाला एक आणि परकीयाला दुसरे असा भेद नाही. आपल्याकडे ताजमहालाचे प्रवेशमूल्य २०१८ च्या अखेरीस भारतीयाला पन्नास रुपये आणि परदेशी पाहुण्याला अकराशे रुपये असे ठरले. पाहुण्याच्या गुणाकाराला हे आपण दिलेले उत्तरच म्हणावयाचे! आपल्या मजुराला मात्र ते पन्नास रुपये जड नसतात. त्याला जड असतो तो दिवस, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते.

सुट्टीची किंमत ठरते ती येथे. १९६३ च्या जर्मन कायद्याने सहा दिवसांच्या आठवड्याच्या मोजणीने वर्षाला किमान चोवीस दिवसांची भरपगारी रजा प्रत्येक कामगाराला दिली आहे. आपल्याकडे सरकारी आणि विद्यापीठीय नोकरांना अर्जित रजा आहे, प्रवास-सवलत आहे. मी स्वतः तिचा लाभ घेतलेला आहे. आमच्या लहानपणी मे महिन्यात आजोळी जाणे ही सुट्टी होती आणि ती फुकट आहे असे आम्ही मानत असू. पंधरा मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या मामीचे तास कोणत्याही वहीत मांडलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

परत आल्यावर घरकाम करणाऱ्या बाईंनी माझी विचारपूस केली. त्या दरभंग्याकडच्या, बारा वर्षे आमच्याकडे येतात. तेथे भांडी कोण घासते, हे त्यांनी आधी विचारले. मग म्हणाल्या, “दीदी, वहाँ छुट्टी करो तो पैसा कटता है?” मी कायदा सांगितला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी छठसाठी गावी जाण्याचा आपला हिशेब माझ्यासमोर मांडला. त्या सहा घरी काम करतात. महिनाभर गेल्या, तर आमचे आणि आणखी एक अशा दोनच घरचा पगार चालू राहतो. चार घरचा बुडतो. त्यांपैकी एक-दोन घरी परत येईपर्यंत दुसरी बाई लागलेली असते, आणि नवी घरे मिळेपर्यंत आणखी एक महिना जातो. २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीत स्त्रियांचा बसप्रवास विनामूल्य झाला, त्यामुळे रोजच्या जाण्या-येण्याचा आकडा त्यांच्या हिशेबातून गळला. त्या पैशातूनच त्या आता आगगाडीचे तिकीट काढतात, असे त्यांनी मुद्दाम सांगितले. तिकीट हा त्या प्रवासाच्या खर्चातला सर्वांत लहान आकडा होता.

आम्ही त्यांना वर्षाला एक महिना भरपगारी रजा देतो, ही गोष्ट आमच्या मजल्यावर फारशी कोणाला रुचलेली नाही. “तुम्ही भाव बिघडवता,” असे एका सुशिक्षित शेजाऱ्यांनी मला स्वच्छ सांगितले. त्यांचे म्हणणे अर्थशास्त्रदृष्ट्या अगदीच चुकीचे नाही, भाव बिघडतोच. त्यांच्या मुलीचे कुटुंब म्युनिकला असते. तेथे घर झाडायला माणूस परवडत नाही, सगळे स्वतः करावे लागते, अशी त्यांची नेहमीची तक्रार असते. एकाच सत्याची ही दोन टोके आहेत हे त्यांना सांगण्याचा मी यत्न केला. परंतु संभाषण पुढे पाण्याच्या टाकीकडे वळले.

घरकाम करणाऱ्यांचा प्रश्न कायद्याच्या दारापर्यंत आलाच नाही असे नव्हे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली या कामगारांसंबंधी करार संमत केला, तो जर्मनीने २०१३ मध्ये स्वीकारला. भारताने तो स्वीकारलेला नाही. तोवर बाईंची सुट्टी सहा घरांच्या सहा मर्जींवर अवलंबून राहणार.

परदेशाहून आलेल्याला आपल्याकडे हमखास विचारतात, “तिकडे सगळे फार महाग ना?” मी आता हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. कोणाच्या तासाने मोजायचे ते आधी सांगा, असे म्हणते. प्रश्न विचारणारे बहुधा स्वतःच्या तासाने मोजत असतात. बाईंनी यंदाही कार्तिकात जायचे ठरवले आहे. तिसऱ्या घराशी रजेची बोलणी चालू आहेत.