वाघर लावायची रानं

सुगी सरली की नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या शिवारात मेंढरं उतरायची. ज्वारी काढलेलं रान मोकळं असायचं. आता सोयाबीन निघालं की लगेच हरभरा पडतो. बांधावर तणनाशक मारलेलं असतं. कळप तिथं थांबवता येत नाही.

शेतकऱ्याच्या बोलावण्यावरून रात्री शेतात वाघर लागायची. तिच्या जाळीच्या आत मेंढरं बसायची, लेंडी-मूत रानात मुरायचं, धनगराला ज्वारी मिळायची. युरियाची गोणी आली तसं हे बोलावणं कमी झालं.

गायरानं आकसली. काही भूमिहीनांनी कसायला घेतली. शेतीसाठीची 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं कायम करण्याचा निर्णय सरकारने 1991 साली घेतला. भूमिहीनांचा तो हक्कच होता. चराईला मात्र दुसरं रान राखलं गेलं नाही. रोपवनाला तारेचं कुंपण आलं.

दख्खनी मेंढी काळी, काटक. वर्षातून दोनदा कातरायची. एका खेपेला अर्धा किलोही लोकर निघत नसे. बाया चरख्यावर सूत काढत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावत. मागावरून घोंगडी उतरे. पेरणीच्या पावसात तिची खोळ शेतकऱ्याच्या डोक्यावर असे. जागरणात खंडोबाच्या पूजेखाली तीच अंथरत. आता पावसात प्लॅस्टिकचा कागद असतो. लोकरीच्या दामात कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही. कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. कळपांत माडग्याळ आणि नेल्लोरचे नर आले. त्यांच्या कोकरांना वजन चांगलं भरतं, अंगावर लोकर नसते.

सामान वाहणारी घोडी कमी झाली. धनगरांची पोरं हैदराबाद, पुण्याला मजुरीला जातात.

मेंढी-शेळी विकास महामंडळ 1978 पासून आहे. मुखेडला त्याचं प्रक्षेत्र आहे. 2017 साली महामेष योजना आली: 20 मेंढ्या, 1 नर, 75 टक्के अनुदान. उरलेले 25 टक्के घरचे. पुढे भटकंती करणाऱ्यांसाठी जून ते सप्टेंबर महिना 6,000 रुपये चराई अनुदान ठरलं. त्यासाठी कळपात किमान 20 मेंढ्या आणि 1 नर लागतो. ज्याचा कळप त्याखाली आला, त्याला ते मिळत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो.

21 वी पशुगणना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद तिच्यात पहिल्यांदा घेतली गेली. आधीच्या 20 गणनांत तो रकाना नव्हता.