गुडघ्यांचं कारण

कॅनडातल्या विनिपेगमध्ये एखाद्याने आइस हॉकीचं सीझन तिकीट सोडलं की तो गुडघ्यांबद्दल बोलायला लागतो. वरच्या मजल्याचे जिने आता चढवत नाहीत, म्हणतो. कुणाला उणे तीसमध्ये रात्रीची गाडी चालवणं जमेनासं झालेलं असतं, कुणाची नातवंडं कॅलगरीला राहायला गेलेली असतात, कुणाला एकाएकी टीव्हीवरच पक जास्त नीट दिसायला लागलेला असतो. तिकीट महाग झालं म्हणून सोडलं, असं सरळ सांगणारं माणूस मला इथे क्वचितच भेटलं. भाव वाढला की लोक ओरडतात, भांडतात, निदान चहाच्या टपरीवर तरी तावातावाने बोलतात, ही माझी दादरमध्ये घडलेली समजूत. इथले लोक भाववाढीला उत्तर म्हणून आजारी पडतात.

आमचं सीझन तिकीट म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्या आणि ऑफिसातले आम्ही चौघं. 2025-26 पर्यंत ऑक्टोबर ते एप्रिल घरच्या बर्फावर 41 सामने. शिवाय मोसमाआधीचे सरावसामनेही गळ्यात मारलेले असतात. त्यांत नावाजलेले खेळाडू बहुधा नसतात, पैसे मात्र पूर्ण घेतात. (या एका भुर्दंडावर सगळं शहर उघडपणे शिव्या घालतं. आता 2026-27 पासून लीगने सरावसामने कमी करून खऱ्या सामन्यांची संख्या 82 वरून 84 केली आहे.) भाववाढ वर्षातून एकदा कळते, हिवाळा संपता संपता, रिन्यू करण्याच्या ई-मेलमध्ये. आकडा प्रत्येक सामन्यामागे सांगतात, त्यामुळे तो लहान दिसतो. सामन्याला पाच डॉलर वाढले तर काय मोठंसं, असं वाटतं. दोन खुर्च्या आणि चाळीसेक सामने यांनी गुणलं की चारशेच्या वर जातो. चौघांत वाटला तरी नोव्हेंबरच्या हीटिंगच्या बिलाशेजारी तो डोळ्यांत भरतो.

तरी बोलत कुणी नाही. ही काय भीड आहे, हे कळायला मला या शहराची जुनी जखम माहीत व्हावी लागली.

विनिपेग जेट्स हा संघ 1996 मध्ये हे शहर सोडून अमेरिकेत फिनिक्सला गेला. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये, आणि कॅनेडियन डॉलर त्या काळात घसरलेला. क्वेबेक सिटीचा संघ त्याच्या आदल्या वर्षी डेन्व्हरला गेला होता, त्याचंही मुख्य दुखणं हेच. विनिपेगने मात्र संघाला सहज जाऊ दिलं नाही. 1995 च्या मे महिन्यात, जिथे इथल्या दोन नद्या मिळतात त्या द फोर्क्सवर हजारो माणसं जमली, वर्गणी गोळा झाली, मुलांनी आपले गल्ले फोडून चिल्लर आणून दिली. कोट्यवधी डॉलर जमले आणि तरीही संघ गेला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेली इथली पिढी म्हणजे ते गल्ले फोडणारी मुलं. त्यांच्यापुढे तिकिटाच्या दराबद्दल कुरकुर करून बघा. ती ऐकून घेतात, पण मान दुसरीकडे वळवतात.

पुढे 2011 मध्ये अटलांटाचा संघ विकला जाऊन इथे आला आणि जुनंच नाव लावून खेळू लागला. क्लबने आधी 13,000 सीझन तिकिटं विकून दाखवायचं ठरवलं होतं. करार तीन ते पाच वर्षांचा, दर सामन्याला 39 ते 129 डॉलर. सर्वांसाठी विक्री खुली झाली तेव्हा उरलेली तिकिटं 17 मिनिटांत संपली, आणि मागे आठ हजारांची प्रतीक्षा यादी लागली. संघ परत येत असल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी सांगून टाकलं होतं, की इथलं सभागृह रोज भरलं नाही तर हे गणित जमणार नाही. लग्नाच्या मांडवातच सोडचिठ्ठीची अट वाचून दाखवावी तसं ते होतं. लोकांनी आनंदाच्या भरात ती ऐकली, आणि विसरलं मात्र कुणी नाही.

म्हणून इथलं तिकीट हे नुसतं तिकीट राहत नाही. ते भरणं म्हणजे संघ गावात ठेवण्यासाठी आपला वाटा उचलणं, आणि न भरणं म्हणजे गावाशी दगा. अशा गोष्टीची किंमत वाढली तर घासाघीस कशी करणार? घासाघीस मालाची होते.

आमच्या खुर्च्यांच्या डाव्या हाताला एक जोडपं बसायचं. त्यातले गृहस्थ शहरातल्या सिटी बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांचं नाव बसवाले आजोबा. मरून्स रोडवरच्या जुन्या अरीनातही, जिथे भिंतीवर राणीचं अवाढव्य चित्र टांगलेलं असे, त्यांच्या खुर्च्या होत्या. सामना डोळ्यांसमोर चाललेला असताना हे कानात इअरफोन घालून त्याचीच रेडिओ कॉमेंट्री ऐकायचे. रेफ्रीपेक्षा कॉमेंटेटर प्रामाणिक असतो, असं त्यांचं म्हणणं. मी पर्समधून लपवून नेलेला चिवडा त्यांना आवडायचा. दुसऱ्या पिरियडनंतरच्या विश्रांतीत ते न बोलता नुसता हात पुढे करायचे. ऑफसाइड मला त्यांनी शिकवलं. राष्ट्रगीतात ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द आले की अख्ख्या सभागृहाने ते ओरडून म्हणायचे असतात, हेही त्यांनीच कोपर मारून सांगितलं.

करोनानंतर सभागृह पुन्हा उघडलं, त्यानंतर एका मोसमात ते दिसले नाहीत. फोनवर म्हणाले, गुडघे. मी काळजीने चौकशी केली, आजींनीही विषय पटकन बदलला. पुढच्या जानेवारीत मुलीला घेऊन त्यांच्या भागातल्या कम्युनिटी क्लबच्या उघड्या रिंकवर गेले होते. इथे अशा रिंक गल्लोगल्ली असतात, फुकट, आणि त्यांवर रात्री पाणी मारून बर्फ गुळगुळीत करण्याचं काम बहुतेक ठिकाणी आसपासची माणसं आपण होऊन करतात. त्या रात्री जाडजूड पाइप खांद्यावर घेऊन, बर्फावरून तोल सांभाळत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाणी मारत होते ते बसवाले आजोबा. गुडघे आमच्या ऑफिसातल्या तरुणांना लाजवतील असे.

त्यांनीही मला पाहिलं. नळ बंद करून जवळ आले, मुलीच्या टोपीवर टिचकी मारली आणि म्हणाले, “संघ गेला तर मला दोष देऊ नकोस हं.” हसत म्हणाले, पण इतक्या घाईने, की हे वाक्य त्यांनी माझ्याआधी स्वतःला बरेचदा ऐकवलेलं असावं.

क्लब लबाड आहे असं म्हणणं सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. हे सभागृह लीगमधल्या सगळ्यात लहान सभागृहांपैकी आहे, पंधरा हजारांहून थोड्याच अधिक खुर्च्यांचं. संघाचं पगारपत्रक मात्र लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्कच्या तोडीचं ठेवावं लागतं. पगारावरची कमाल मर्यादा 2005-06 मध्ये 3 कोटी 90 लाख अमेरिकन डॉलर होती, 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख झाली. संघ परतला त्या उन्हाळ्यात कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला होता, किंचित वरही. आता तो सत्तर-पंचाहत्तर सेंटच्या आसपास रेंगाळतो. अमेरिकन फुटबॉलला टीव्हीचा पैसा पोसतो, हॉकीला अजून दारावरची कमाई लागते. हे सगळं खरं. संघाच्या मालकांपैकी डेव्हिड थॉमसन हे कॅनडातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक आहेत, हेही खरं. आणि निवृत्त बसड्रायव्हरला अपराधी वाटावं आणि त्यांना वाटू नये, अशी ही व्यवस्था आहे. मला खुपतं ते एवढंच. कर्तव्याची भाषा फक्त एका बाजूने चालते. संघ आपला आहे, असं भाववाढीच्या दिवशी आवर्जून सांगतात. भाव ठरवायच्या दिवशी आपल्याला कुणी बोलावत नाही.

शिवाय आता आणखी एक गोष्ट झाली आहे. पूर्वी न जमणारा सामना भाच्याला, शेजाऱ्याला देऊन टाकायचा. आता फोनवर दोन बोटं फिरवली की तिकीट विकायला लागतं, आणि आपली खुर्ची कितीला जाते ते जगजाहीर होतं. टोरोंटो किंवा मॉन्ट्रियल शनिवारी येणार असेल तर खुर्चीला दुप्पट भाव. मंगळवारी कोलंबस असेल तर आपण मोजले त्याहून कमी. थोडक्यात, मोसमाचे सगळे पैसे इमानदारीने आगाऊ भरणाऱ्याला तीच खुर्ची पुढच्या महिन्यात कुणीतरी स्वस्तात घेऊन बसलेला दिसतो, तीही अगदी शेजारीच. आजोबांच्या जागी हल्ली दर सामन्याला नवा माणूस असतो. त्यातले काही छान असतात. पण चिवड्यासाठी हात पुढे करण्याइतकी ओळख अडीच तासांत होत नाही.

लोक न बोलता निघून गेले याचा परिणाम असा, की क्लबला गळती दिसली ती भिंत ओली झाल्यावर. तीन वर्षांत 13,000 सीझन तिकिटांची साडेनऊ हजारांच्या आसपास झाली. 2024 च्या जानेवारीत जेट्स अख्ख्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि वरच्या मजल्यावर रांगाच्या रांगा रिकाम्या. संघ हरतोय म्हणून लोक येत नाहीत, हे नेहमीचं उत्तर इथे लागू पडेना. तेव्हा मालक मार्क चिपमन यांनी उघडपणे सांगितलं की हे असं दीर्घकाळ चालणार नाही. त्याआधीच्या वसंतात क्लबने एक जाहिरात काढली होती; तिच्यात 1996 ची ती निरोपाची दृश्यं होती. बनवणाऱ्यांना ती भावनिक आवाहन वाटली असेल, बऱ्याच लोकांना धमकी वाटली. मला विचाराल तर दोन्हींत इथे फारसं अंतर उरलेलं नाही. पण त्या जाहिरातीने एक काम केलं: लोक पहिल्यांदाच मोठ्याने रागावले. किमतीवरून जे कधी बोलले नव्हते, ते जखमेला हात लागल्यावर बोलले.

टोरोंटोची गोष्ट अगदी उलटी. तिथल्या संघाने स्टॅनली कप शेवटचा जिंकला 1967 मध्ये, तरी दर वाढतच जातात आणि खुर्ची सोडायला कुणी तयार नसतं. खालच्या मजल्यावरच्या कितीतरी खुर्च्या कंपन्यांच्या नावावर. विश्रांतीनंतर खेळ सुरू होतो तेव्हा त्या खुर्च्यांवरची मंडळी अजून आत जेवत असतात, आणि टीव्हीवर बर्फाभोवती रिकामी कडा दिसते. विनिपेगमध्ये कंपन्या थोड्या. इथे तिकीट घेणारा बहुतेक स्वतःच्या खिशातून घेतो. त्यामुळे टोरोंटोत भाव वाढला की तो कुठल्यातरी खर्चाच्या खात्यात जिरतो, इथे तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसतो.

आणि मुंबई? मुंबईत तर खुर्च्यांवरून भांडण झालं आणि त्यातून अख्खं स्टेडियम उभं राहिलं. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. कसोटीसाठी मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती जागा द्यायच्या यावरून दोघांत वर्षानुवर्षं तेढ. शेवटी संघटनेचे शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधलं, आणि 1975 च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद 242 धावांची. माझे बाबा ही हकीकत अशा अभिमानाने सांगत, जणू पायाचे दगड त्यांनीच वाहिले. बाबांना फोनवर इथल्या गुडघ्यांबद्दल सांगितलं तेव्हा त्यांना ते कळेचना. “अगं, महाग आहे तर महाग आहे म्हणावं. त्यात लाजायचं काय?” मी म्हटलं, बाबा, मुंबईतून क्रिकेट निघून जाईल अशी भीती तुम्हाला कधी वाटलीय का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग मला तिकीट किती रुपयांना पडतं ते विचारलं. मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

गळती उघड झाल्यावर क्लबने अर्ध्या आणि त्याहून लहान मोसमाची पॅकेजं पुढे केली. काही जण परतले. 2024-25 मध्ये संघाने साखळीत सर्वाधिक गुण मिळवून प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकली, आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत सेंट लुइसविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या दोन सेकंदांच्या आत बरोबरी साधून दुसऱ्या जादा वेळेत सामना काढला. पांढरे कपडे घालून जमलेल्या त्या गर्दीत दर किती हे त्या रात्री कुणाला आठवत नसेल. दर पुढच्या फेरीला आणखी चढतात, ते सोडा.

आमच्या चौघांतला एक यंदा बाहेर पडला. आईला भेटायला जास्त वेळा जायचंय, म्हणाला. आम्ही मान डोलावली. उरलेल्या तिघांनी बराच खल करून अर्धा मोसम घेतला आहे, आणि आता सामने वाटून घ्यायचे आहेत. मी मॉन्ट्रियल मागितलंय, कारण मुलीला गोल झाल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज ऐकायचाय. अकाउंट्सवाल्या बाईंनाही मॉन्ट्रियलच हवं आहे, पण बघायला नव्हे, विकायला. त्या एका रात्रीत त्यांचे कोलंबसचे आणि नॅशव्हिलचे पैसे सुटतात, असं त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. हिशेब बिनचूक आहे. चिठ्ठ्या शुक्रवारी टाकायच्या ठरल्या आहेत.